डाव्या अंगानं

अंगावरून वारं गेल्यापासून माणसं आवडाबाईसमोर मोकळेपणानं बोलू लागली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, बोलायला गेलं तर शब्द अर्धा जिभेवरच अडकायचा. जीभ गेली तसे कानही गेले असं सगळ्यांनी धरूनच घेतलं. कान मात्र ठणठणीत होते. छावणीतल्या त्या घरात मधल्या खोलीतल्या खाटेवर पडल्या पडल्या तिला ओसरीवरचं बोलणं ऐकू यायचं, मागच्या अंगणातलं यायचं, आणि न ऐकलेलं बरं असंही पुष्कळ ऐकू यायचं.

त्या शनिवारी दुपारी ओसरीवर तिची तीन माणसं बसली होती. थोरला शांतवन वेगळा राहायचा, वाळूजच्या एका कारखान्यात होता. पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसनं तो परस्पर इकडं आला होता. त्याची बायको सुलोचना सिडकोतल्या शाळेवर शिकवायची, ती शाळा सुटल्यावर भर उन्हाची आली होती. आणि रूथ, आवडाबाईची लेक, जालन्याहून सकाळच्या एस.टी.नं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमधली उपासना आटोपल्यावर मकासरे पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या नावानं द्यायची भाकरी आणि द्राक्षरस, घेऊन घरी येणार होते. चर्चच्या मंडळीत कोणी अंथरुणाला खिळलं की ते असे घरी जात. आवडाबाई आजवर अशा कितीतरी आजाऱ्यांच्या उशाशी उभी राहिली होती, त्यांना धरून बसवलं होतं, त्यांच्या डोक्यावर पदर सारखा केला होता. खाटेवर पडून घ्यायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

बोलणं पाळकसाहेबांच्या चहापाण्यावरून निघालं आणि बानावर आलं. ते यायचंच होतं.

बाना म्हणजे धाकट्या योनाची बायको. योना विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, करमाडच्या बाजूला त्याची सारखी खेप असायची. तिथं एका धनगराच्या वाड्यावर त्यानं तिला पाहिलं. बापाला न सांगता ती त्याच्यामागं निघून आली. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न लावलं आणि जोडीनं या ओसरीवर येऊन उभी राहिली. तिच्या माणसांनी तिच्या नावानं आंघोळ केली. इकडं आवडाबाईनं त्यांना हाकललं नाही, पण आत याही म्हटलं नाही. दोघं पडेगावच्या रस्त्याला खोली करून राहिली. दोन पावसाळेही नीट गेले नाहीत, योना काविळीनं गेला. लेकरू नव्हतं. बाना करमाडला परतली. माहेरी नाही, गावाच्या कडेला एका भाड्याच्या खोलीत. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. त्यानंतर पाच-सहा वर्षांत तिचं नाव या घरात कोणी काढलं नव्हतं.

आणि आता महिनाभर ती इथं होती. घाटी दवाखान्यातून आवडाबाईला घरी आणलं त्याच आठवड्यात हातात एक कापडी पिशवी घेऊन आली, आणि राहिली.

सुलोचनाचं म्हणणं एवढंच होतं की उद्या तरी तिनं समोर दिसू नये. बाप्तिस्मा नाही, मंडळीत नाव नाही, चार माणसं विचारतील तर काय सांगायचं. आणि शिवाय ती आली कशासाठी, हेही एकदा उघड व्हायला हवं. योनाच्या नावानं या घरात तिचा वाटा निघतो, हे तिला कोणी शिकवलं नसेल कशावरून? शांतवन नुसता "बघू" म्हणत होता. रूथ भडकली. वहिनी, तुम्ही रजा काढली असती, मी माझी वाढवली असती, तर परक्या घरच्या पोरीला का राहावं लागलं असतं, असं ती म्हणाली.

"मी नाही रजा काढली, हो," सुलोचना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "काढली असती तरी तुझ्या आईला माझ्या हातचं चाललं नसतं. या घरात आल्यापासून मी परीक्षेला बसलेय रूथ. भाकरी केली की परीक्षा, प्रार्थना केली की परीक्षा. एकदा पोरीच्या तापामुळं चर्च चुकलं तर त्यांनी मला काही म्हटलं नाही. नुसत्या माझ्यासाठी प्रार्थना करत बसल्या, मला ऐकू येईल अशी."

आत आवडाबाईनं डोळे मिटून घेतले. ती प्रार्थना तिला आठवत होती. त्या वेळी ती स्वतःला फार चांगली वाटली होती.

मग सुलोचना आत आली, सरळ मागच्या दारी गेली आणि हौदावर गोधड्या धूत बसलेल्या बानाला तिनं तोंडावरच विचारलं की बाई, तू इथं आलीस ती काय मनात धरून. बानानं हातातला पिळा सोडला नाही.

"मनात कायबी नाय, जाऊबाई. करमाडच्या बाजारात कळलं, आत्या पडल्या म्हून. आले." जरा थांबून ती म्हणाली, "मेंढरू खड्ड्यात पडलं तर कुणाचं हाय ते कुणी इचारत नाय. आधी काढत्यात. मंग ज्याचं असंल तो घिऊन जाईल."

उद्या पाळकसाहेब असतील तेवढा वेळ मागंच थांब, एवढं सांगून सुलोचना परत गेली. बाना बरं म्हणाली.

आवडाबाईला उन्हं उतरेपर्यंत झोप लागली नाही.

पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली ती मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून लागली होती. नवं लग्न झालेलं. नवरा, रामकिसन मास्तर, आता हयात नसलेला, तेव्हा मिशनच्या शाळेवर. त्या साली दवाखान्यात कसली कसली माणसं येऊन पडली होती. कोणाचं घर जळलेलं, कोणाची माणसं गेलेली, खेड्यापाड्यांतून बैलगाडीत घालून आणलेली. हिंदू, मुसलमान, मांग, मराठा, तिनं कोणाला जात विचारली नाही. रक्त धुतलं, पू धुतला, हगणं-मुतणं काढलं. नाक मुरडलं नाही. पुढं सारा जन्म तिनं हेच केलं आणि छावणीपासून जालन्यापर्यंत तिचं नाव झालं. मंडळीत कोणाला सून निवडायची असली तरी लोक म्हणत, आवडाबाईला दाखवा.

तिला स्वतःला मात्र कोणी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात दिलेला आवडत नसे. कोणाचं घेणं तिच्या स्वभावातच नव्हतं. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी ती स्वतः चुलीपुढं बसली होती. लोक त्याचंही कौतुक करत.

म्हणून पहिल्या दिवशी बाना गरम पाण्याचं घमेलं घेऊन खाटेशी आली तेव्हा आवडाबाईनं डाव्या हातानं ते ढकललं होतं. अर्धं पाणी बानाच्या लुगड्यावर गेलं. बाना बाहेर गेली, दुसरं पाणी घेऊन आली. आवडाबाईनं तोंड भिंतीकडं केलं. रूथ होती तोवर रूथच्या हातून सगळं करून घेतलं. रूथची रजा संपली. त्याच्या दुसऱ्या सकाळी जाग आली तर अंथरूण ओलं होतं आणि घरात बानाशिवाय कोणी नव्हतं.

ती सकाळ आवडाबाई विसरणार नव्हती. तिनं झोपेचं सोंग घेतलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा सोंग उघडं पडलं. बानानं ते पाहिलं नाही असं दाखवलं. तिला रोग्याला कुशीवर कसं वळवायचं ते माहीत नव्हतं, चादर ओढताना ती घामाघूम झाली, एकदा आवडाबाईचं डोकं खाटेच्या दांडीला लागलं. बाना हळूच "लागलं का" म्हणाली आणि तिथं हात ठेवून राहिली. मग तिनं पुसायला घेतलं. मांड्या, पाठ, बोटांच्या बेचक्या. नव्यानं व्यालेल्या मेंढीला पुसावं तसं, घाई नाही, किळस नाही, आणि दयासुद्धा नाही.

तीच गोष्ट आवडाबाईच्या जिवाला लागली. ती स्वतः हजारो माणसांना पुसत होती तेव्हा तिच्या हातात काय होतं? आता खाली पडून वर बघताना तिला ते दिसू लागलं. हात चांगला होता, काम चांगलं होतं, पण आतून ती सारखी वर उभी असायची. मळकं ते, धुणारी मी. माणूस बरा होऊन जाताना वाकून सलाम करायचा, ते तिला लागायचं. जेवणात मीठ लागतं तसं लागायचं. एखादा तसाच निघून गेला तर दिवसभर तिला चुकल्यासारखं वाटायचं.

रोज थोडं थोडं दिसत गेलं. चर्चमध्ये पापांगीकाराच्या प्रार्थनेला ती गुडघे टेकायची. सगळी मंडळी एका आवाजात म्हणे, आम्ही पाप केलं आहे. तीही म्हणे, खणखणीत. पण त्या 'आम्ही'त ती स्वतः कधी नव्हतीच. म्हणताना तिच्या डोळ्यांपुढं पलीकडच्या बाकावरचा दारुड्या बन्सी यायचा, नवऱ्याला सोडून आलेली कोपऱ्यातली बाई यायची, सुलोचना यायची. त्यांच्या वतीनं ती पदर पसरायची. ख्रिस्त पाप्यांसाठी मेला हे तिनं बायकांना जन्मभर शिकवलं होतं, आणि ते शिकवताना ती नेहमी देणाऱ्याच्या बाजूला उभी असायची. तिला त्याच्याकडून घ्यायचं असं काही उरलंच नव्हतं.

या सगळ्याच्या तळाशी एक वाक्य होतं. दुसरं सगळं बाजूला सारलं की ते वर यायचं. योनाला मातीत ठेवला त्या दिवशी, छावणीच्या कब्रस्तानात, मूठमूठ माती टाकायला माणसं पुढं येत होती. बाना पुढं झाली तेव्हा आवडाबाईनं सगळ्यांदेखत तिचा हात धरून मागं ओढला आणि म्हणाली होती, "पांढऱ्या पायाची आलीस. खाल्लंस माझ्या लेकराला." शकुन-अपशकुन मानू नका म्हणून गावोगाव बायकांना सांगत फिरलेली आवडाबाई ते बोलली होती. लोकांनी म्हटलं, आईचं काळीज आहे, बोलून गेली. तिनंही तसंच धरलं. बानाच्या मुठीतली माती तिच्या मुठीतच राहिली होती.

रविवारी पाळकसाहेब आले ते घामानं भिजलेले. साठीला टेकलेला, सावकाश बोलणारा माणूस. हातात लहानशी लाकडी पेटी. सुलोचनानं स्टुलावर पांढरं कापड अंथरून ठेवलं होतं. त्यांनी पेटीतून बोटभर उंचीचा चांदीचा पेला आणि तबकडी काढून मांडली, भाकरीचा तुकडा ठेवला, द्राक्षरस ओतला. शांतवन आणि रूथनं आवडाबाईला उशांना टेकवून बसवलं. सुलोचना पायथ्याशी उभी राहिली. मागचं दार लोटलेलं होतं.

पाळकसाहेबांनी थोडं शास्त्र वाचलं, मग पापांगीकाराला सुरुवात केली. तिघांनी डोकी खाली घातली आणि ती त्यांच्यामागून म्हणू लागली. आवडाबाईचे ओठ हलत नव्हते. रूथला वाटलं तिला जमत नाहीये. पण तिचा डावा हात वर झाला.

"थांबा," ती म्हणाली.

शब्द वाकडा आला तरी सगळ्यांना कळला. पाळकसाहेब थांबले.

"बाना."

सुलोचना आणि शांतवननं एकमेकांकडं पाहिलं. आई, मग बोलवू, आधी हे होऊ दे, असं शांतवन समजावू लागला. आवडाबाईनं मान हलवली आणि पुन्हा तेच नाव घेतलं. शेवटी रूथनं जाऊन दार उघडलं. बाना बाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. ती उठून आली आणि उंबऱ्याच्या अलीकडं काही पाय टाकेना.

आवडाबाईनं महिनाभर हे वाक्य मनात जुळवलं होतं. ते जसं हवं तसं निघालं नाही. तुकड्या-तुकड्यानं आलं, मध्ये लाळ आली, रूथला दोनदा वाटलं आपण पुढं होऊन आईच्या वतीनं सांगावं. पण ते दुसऱ्या कोणी सांगण्यासारखं नव्हतं.

"कब्रस्तानात... मी बोलले तुला. पांढऱ्या पायाची. माती टाकू दिली नाय." तिनं दम घेतला. "पाप हाय ते. माझं. मला माफ कर."

शांतवन खाली फरशीकडं बघत राहिला. त्या दिवशी तोही तिथंच उभा होता आणि काही बोलला नव्हता.

बाना उंबऱ्याच्या पलीकडून तिच्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण रडूही नव्हतं.

"आत्या, ते मी इसरले नाय," ती म्हणाली. "रोज याद येती. तुमचं अंग पुसताना बी येती. माफ केलं म्हणले तर आत्ता ते खोटं व्हईल. या देवाच्या कामाच्या वक्ताला तरी खोटं कशाला बोलू."

सुलोचनाच्या तोंडून बारीक आवाज निघाला. रूथनं तिच्या दंडाला हात लावून तिला गप्प केलं.

आवडाबाईला आधी काही समजलंच नाही. तिनं मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं. एवढी म्हातारी सासू, लेकी-सुनांदेखत, पाळकसाहेबांदेखत माफी मागतेय म्हटल्यावर पोरगी रडत पाया पडेल, असं तिनं मनातल्या मनात धरलेलं होतं; धरलेलं आहे हे आत्ता कळलं. म्हणजे माफी मागतानाही ती काहीतरी देतच होती, आणि दिल्याचा मोबदला घ्यायला थांबली होती. तिथंही ती वरच उभी होती. तळ लागला असं वाटत होतं तो तळ नव्हताच, आणखी खाली होता.

तिनं स्टुलावरच्या पांढऱ्या कापडाकडं पाहिलं आणि डावा हात आडवा हलवला.

"न्या ते," ती पाळकसाहेबांना म्हणाली. "मी घेण्यासारखी नाय."

तिच्या घरात हे वाक्य कोणी कधी ऐकलं नव्हतं. रूथ रडायला लागली. शांतवन म्हणाला, आईला थकवा आलाय, पुढच्या आठवड्यात घेऊ. पाळकसाहेबांनी त्याचं ऐकलं नसावं. ते खुर्ची ओढून खाटेच्या अगदी जवळ बसले.

"आवडाबाई, इतकी वर्षं तुम्ही माझ्या हातून हे घेता. दर वेळी चर्चमध्ये ओळीत मी तुमच्यापाशी आलो की मला वाटायचं, या बाईला याची भूक नाही. मी कधी बोललो नाही, ही माझी भीड." ते हलकेच हसले. "लायक माणसांसाठी हे ताट मांडलेलंच नाही. आज तुमच्याजवळ पुढं करायला काहीच नाही ना?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग घ्या."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडात ठेवला. तो जिभेवर बराच वेळ राहिला. तिनं जन्मभर भाकरी भाजली होती, लोकांना वाढली होती. या एवढ्याशा तुकड्याला मात्र तिच्याकडून काहीही लागत नव्हतं. पिठाचं मोल नव्हतं, धुऊन ठेवलेलं ताट नव्हतं, कोणाचं पुसलेलं अंग नव्हतं. बानाची माफीसुद्धा त्याला लागत नव्हती, आणि बाना तर अजून तिथंच उभी होती, काही न देता. ज्यानं हे दिलं त्याला तिचं ते कब्रस्तानातलं वाक्य ठाऊक होतं. ऐकू येईल अशी केलेली ती प्रार्थनाही ठाऊक होती. ठाऊक असून दिलं होतं. आवडाबाईला एकदम हुंदका आला. लहान पोराला येतो तसा, न आवरणारा.

पाळकसाहेबांनी पेला उचलून तिच्या ओठांना लावला. त्यांनी तो सवयीप्रमाणं मधोमध लावला आणि रस उजवीकडून ओघळून हनुवटीवर आला, पांढऱ्या लुगड्यावर लाल डाग पसरला. पाळकसाहेब गडबडले. शांतवन रुमाल शोधू लागला. आवडाबाईनं शरमेनं डोळे मिटले.

तेव्हा बाना उंबरा ओलांडून आत आली. कोणाकडं तिनं पाहिलं नाही. पदराच्या टोकानं तिनं हनुवटी पुसली, रोज पेज पाजताना पुसायची तशी, आणि आवडाबाईची मान आपल्या हातावर घेतली.

"डाव्या अंगानं द्या," ती पाळकसाहेबांना म्हणाली. "उजवीकडून सांडतंय."

पाळकसाहेबांनी पुन्हा पेला पुढं केला, पण कोन त्यांना साधेना. क्षणभर त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी पेला बानाच्या हातात दिला.

बाप्तिस्मा न झालेली, मेंढरांमागं वाढलेली, ज्या बाईला तिनं अजून माफ केलं नव्हतं तिची मान हातावर घेऊन बसलेली पोर. तिच्या बोटांत तो पेला फार लहान दिसत होता. तिनं तो डाव्या कोपऱ्याला टेकवला, थेंब थेंब सोडला, घोट उतरेपर्यंत थांबली, पुन्हा सोडला. काय पाजतो आहोत हे तिला नीट ठाऊक नसावं. पाजायचं कसं हे ठाऊक होतं. शेवटचा थेंब गेला तसा तिनं पेला पाळकसाहेबांना परत दिला आणि मान हळूच उशीवर ठेवली.

पाळकसाहेबांनी पुढची प्रार्थना म्हटली. बाना तोवर मागच्या पायरीवर जाऊन तांदूळ निवडू लागली होती.

चहा झाला. पाळकसाहेब जाताना मागच्या अंगणातून गेले. बानाशी दोन शब्द बोलले. काय बोलले ते आवडाबाईला ऐकू आलं नाही. रूथला संध्याकाळची जालन्याची गाडी पकडायची होती. निघताना तिनं आईच्या कपाळाचा मुका घेतला आणि ओसरीवर भावाला सांगून गेली की बाना इथं राहील, आणि तिला राहा म्हणून कोणीतरी तोंडानं सांगा, ती काही आपणहून विचारायची नाही. शांतवन हो म्हणाला. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्यानं 'बघू'शिवाय दुसरं उत्तर दिलं होतं. मग तो मागं हौदाजवळ गेला. आवडाबाईला त्याचं एवढंच ऐकू आलं, "त्या दिवशी मी पण तिथं होतो, बाना." पुढचं त्यानं हळू आवाजात सांगितलं.

दिवेलागणीला बाना पेज घेऊन आली तर सुलोचना खाटेवर येऊन बसली होती. तिनं वाटी मागून घेतली.

"कसं द्यायचं ते दाखव मला," ती बानाला म्हणाली.

बानानं दाखवलं. मान किती उचलायची, चमचा कुठं टेकवायचा, घोट उतरला हे गळ्यावरून कसं ओळखायचं. सुलोचनाचे पहिले दोन चमचे सांडले. शाळेत पोरांना ओरडणाऱ्या त्या बाईनं पुसून चमचा पुन्हा भरला. तिसरा गेला. बाना थोडा वेळ बघत उभी राहिली, मग भांडी घासायला निघून गेली.

आवडाबाई सुनेकडं बघत होती. इतक्या जवळून तिनं तिला कधी पाहिलंच नव्हतं. कानाजवळ पांढरे केस आलेले, डोळ्यांखाली काळं पडलेलं, बोटांना खडूची पांढरट भुकटी, ती बहुतेक आता धुतली तरी जात नसावी. सकाळी शाळा, दुपारी घर, संध्याकाळी हे. ही बाई चांगली की वाईट, देवभीरू की नाही, याचाच आवडाबाईनं आजवर विचार केला होता.

तिनं डावा हात उचलून सुलोचनाच्या मनगटावर ठेवला. चमचा थांबला.

"दमलीस?" तिनं विचारलं.

शब्द वाकडाच आला. सुलोचनानं तो पुन्हा विचारायला लावला नाही. वाटी तिनं मांडीवर ठेवली आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. मागच्या अंगणात बानाच्या हातून भांडी एकमेकांवर ठेवल्याचा आवाज येत होता.

"हो, आई," ती शेवटी म्हणाली. "लई दमले."